शस्त्रवैद्याच्या बोटाची जखम

परक्या देशात, युद्धभूमीवर सेवा करायला गेलेला डॉक्टर जखमी झाला असे ऐकले की आपल्या मनात बाँब नाहीतर बंदुकीची गोळी येते. तसे घडतेही. पण आज सांगायची आहे ती जखम बोटावरच्या एका चिरेएवढी.

डॉ. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शस्त्रवैद्य. जपानने चीनवर स्वारी केली होती तेव्हा, १९३८ साली, ते आपण होऊन चीनमध्ये गेले. आघाडीच्या अगदी पाठीशी राहायचे, देऊळ असो की शेतकऱ्याचे घर असो, तिथेच मेज मांडून जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायची, हा त्यांचा क्रम. १९३९ च्या ऑक्टोबरअखेरीस असेच घाईत काम चालू असता त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाला कापले. रबरी हातमोजे नव्हते. चार दिवस जातात न जातात तोच एका सैनिकाची चिघळलेली, जंतूंनी भरलेली जखम त्यांनी त्याच उघड्या हाताने साफ केली. १२ नोव्हेंबरला ते गेले. वय अवघे ४९.

आता एवढ्याशा चिरेने माणूस मरतो कसा? आपल्याकडे पायात काटा मोडला आणि पिकला, की जांघेत अवधाण येते, हे सर्वांना ठाऊक आहे. अवधाण म्हणजे शरीराची चौकीच. जखमेतून वर निघालेले जंतू तिथे अडवले जातात. बोटाच्या जखमेची चौकी काखेत. पण जंतू जहाल असले आणि माणूस उपाशी, जागरणाने खंगलेला असला, की ही चौकी फुटते. जंतू रक्तात शिरतात. मग हुडहुडी, ताप, भ्रम.

व्हिएन्नात १८४७ साली शवविच्छेदन करताना कोलेच्का नावाच्या डॉक्टराला असाच चाकू लागला नि ते दगावले. त्यांचे मित्र सेमेलवाइस यांनी त्यावरून ताडले की बाळंतिणींचा ताप हाही याच जातीचा आहे, तो डॉक्टरांच्या हातांनी पसरतो. त्यांनी हात धुण्याचा नियम घातला. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. पण पहिल्या रोग्याला ते टोचले जायला १९४१ उजाडले. बेथ्यूनना ते मिळणे शक्यच नव्हते.

पहिल्या चिरेला मी दोष देत नाही. घाईत कोणालाही कापते. मन अडखळते ते दुसऱ्या शस्त्रक्रियेपाशी. आपण तिला त्याग म्हणतो, आणि तो होताही. पण तो हात वाचता तर पुढे किती सैनिक वाचले असते!

ती उणीव भरून काढायला जे पुढे आले त्यांत आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते १९४१ साली प्रमुख झाले आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी तिथेच वारले.

आजही आपल्या गावातले डॉक्टर, परिचारिका परदेशी सेवापथकांत जातात. आता चाकूपेक्षा धास्ती सुईची. कावीळ ब आणि एड्स यांचे विषाणू टोचलेल्या सुईतून येतात. काविळीची लस जाण्याआधीच पुरी करून घ्यावी. तिच्या तीन मात्रांना साधारण सहा महिने लागतात, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून भागत नाही. सुई लागलीच तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. दाबून रक्त काढू नये, चोखू तर मुळीच नये. आणि प्रमुखाला लगेच सांगावे. यातच माणसे कुचराई करतात. ‘रोगी तळमळतोय, माझ्या बोटाचं काय घेऊन बसलात’ म्हणतात. पण एड्सला अडवणारी औषधे जितकी लवकर सुरू होतील तितकी बरी. ७२ तास उलटल्यावर ती देत नाहीत. पुढे २८ दिवस ती न चुकता घ्यावी लागतात.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालू नये; टोपण घालतानाच पुष्कळदा ती टोचते. तशीच जाड डब्यात टाकावी.