हिरड्यांचा दाह आणि फ्लोराईड : दोष नेमका कोणाचा?

नशिराबादच्या आमच्या चिकित्सालयात हिरड्यांची जळजळ, रक्तस्राव, तिखट न सोसणे अशा तक्रारी घेऊन येणारे अनेक रुग्ण निदानही स्वतःच सांगतात : "पेस्टमधल्या फ्लोराईडने तोंड सोलले." एका मध्यमवयीन भगिनीचे हे म्हणणे आम्ही ग्राह्य धरले, पेस्ट बंद केली व इरिमेदादि तेलाचा गंडूष दिला. दोन महिन्यांनी गालाच्या आतील पांढरा चट्टा आमच्या ध्यानी आला. त्या दिवसातून तीनदा मशेरी लावीत, हे तेव्हा कळले. दंतवैद्यांकडे पाठवून तुकडा तपासावा लागला. सुदैवाने कर्करोग निघाला नाही. पण दोन महिने वाया गेले, हा दोष आमचा. म्हणून हा लेखनप्रपंच.

फ्लोराईडचा पेशींवर परिणाम होत नाही, असे नव्हे. ते पेशीत शिरल्यावर साखरेपासून ऊर्जा निर्माण करणाऱ्या साखळीतील 'इनोलेज' हे विकर मंदावते, ऊर्जानिर्मिती घटते, ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो आणि मात्रा अधिक असल्यास पेशी मृत होते. हिरडीच्या तंतुपेशी व आवरणपेशींवरील प्रयोगांत हे दिसले आहे. तथापि ती मात्रा सामान्यतः लिटरमागे ७५ ते १०० मिलिग्रॅम वा अधिक आणि संपर्क काही तासांचा होता. हेच विकर दंतकृमीच्या जंतूंतही मंदावते. दात किडण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणात त्याचाही वाटा आहे.

भारतात टूथपेस्टमधील फ्लोराईडची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे. म्हणजे पेस्टची मात्रा प्रयोगातील मात्रेहून मोठी. परंतु चूळ व लाळ यांमुळे ती काही मिनिटांतच झपाट्याने उतरते. मात्रेइतकेच महत्त्व काळाला आहे, हे आपल्या शास्त्राला नवे नाही. पेस्टने तोंड सोलत असेल, तर फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट किंवा तीव्र सुगंधद्रव्येही कारण असू शकतात.

पाण्याचे गणित निराळे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराईड स्वीकार्य आहे. अन्य स्रोत नसल्यास १.५ पर्यंत. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड येथील काही गावांत ते याहून अधिक आढळले आहे. असे पाणी हिरडीच्या पेशी जाळत नाही. वर्षानुवर्षे प्यायल्यास दात व अस्थी बिघडवते. उकळल्याने फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

दंतपरीक्षणात पुढील भेद ध्यानी ठेवावा. फ्लोराईडचे डाग दाताच्या कवचातच असतात, उजव्या-डाव्या दातांवर सारखे दिसतात आणि बालपणी कवच घडतानाच, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत उमटतात. प्रौढ वयात सुरू केलेल्या पेस्टने ते येत नाहीत. तंबाखू-मशेरीचे डाग हिरडीच्या कडेशी, पृष्ठभागावर असतात व खरवडल्यास बहुधा निघतात.

सुश्रुताचार्यांनी ६५ मुखरोग व त्यांत १५ दंतमूलगत रोग सांगितले. शीताद म्हणून तेल देण्यापूर्वी निदानपरिवर्जन, म्हणजे हेतूचा त्याग, घडला पाहिजे. त्यासाठी मशेरी, गुटखा, सुपारी, पाण्याचा स्रोत व पेस्ट या पाचांची विचारणा प्रत्येक केसपेपरवर असावी. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण वा पांढरा-लाल चट्टा दिसल्यास रुग्णास त्वरित दंतवैद्यांकडे पाठवावे.

औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती. 'फ्लोराईडमुक्त' ही चिठ्ठी दाखवून भय विकू नये. लहान मुलांसाठी तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे व ती गिळू देऊ नये, हे सांगावे. आणि मंजन मागणाऱ्यास एकदा तरी विचारावे : "घरी मशेरी कोणी लावते का?"