उणे साठ्याची पट्टी

धरणसाठ्याचं पान बनवणं तसं किरकोळ काम. प्रत्येक धरणापुढे एक आडवी पट्टी, पाणी जितके टक्के तितकी ती निळी. आकडे रोज बदलणार, त्यामुळे रुंदी स्टाइलशीटमध्ये कायमची लिहून ठेवता येत नाही. पान पाठवताना सर्व्हरवरचा पीएचपी कोड डेटाबेसमधून टक्केवारी काढतो आणि पट्टीच्या स्टाइल ॲट्रिब्यूटमध्ये विड्थपुढे लिहितो. ब्राउझरला पोचतं ते तयार एचटीएमएल. आकडा कुठून आला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

चाचणीला मी उजनी घेतो. सोलापूरकरांना कारण सांगायला नको. उजनीत मृतसाठाच सुमारे ६३ टीएमसी, त्यावरचा उपयुक्त साठा सुमारे ५३. पाणी मृतसाठ्यात उतरलं की टक्केवारी शून्याखाली जाते. २०२४च्या उन्हाळ्यात ती उणे ५०च्याही खाली गेली होती. पावसाळ्यात हेच धरण शंभरी ओलांडतं.

तर विड्थपुढे उणे ५० टक्के घालून पान उघडावं. पट्टी रिकामी दिसेल असं वाटतं. ती दिसते काठोकाठ भरलेली! सीएसएसमध्ये रुंदी उणे असू शकत नाही, म्हणून ब्राउझर ती सूचना अवैध ठरवून गुपचूप टाकून देतो. रुंदी सांगितलीच नाही म्हटल्यावर पट्टीचा डिव्ह मिळेल तेवढी जागा व्यापतो. आकडा आलाच नाही, नुसतं टक्क्याचं चिन्ह उरलं, तरी हाच प्रकार. ११० घातले की पट्टी चौकटीबाहेर.

उपाय एका ओळीचा: मॅक्स आणि मिन वापरून सर्व्हरवरच आकडा ० ते १०० मध्ये बसवायचा. पण फक्त पट्टीपुरता. शेजारी छापायचा आकडा खराच हवा, उणे चिन्हासकट. आणि नोंद आली नसेल तर पट्टी काढूच नये. तिथे शून्य दाखवणं म्हणजे थाप.

रंगही असाच कोडमधून भरायचा मोह होतो. तो टाळावा. इनलाइन स्टाइल स्टाइलशीटला डोईजड होते, मग छपाईसाठी साधा रंग हवा असला तरी इम्पॉर्टंट लिहीत बसावं लागतं. सर्व्हरने फक्त क्लासचं नाव द्यावं.

कडक कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी असलेल्या साइटवर तर ब्राउझर एचटीएमएलमधलं स्टाइल ॲट्रिब्यूट मानतच नाही. तिथे मीटर हा टॅग घ्या. तो अशा मोजमापासाठीच आहे, आणि किमान-कमाल दिलं की उणे ५० आला तरी पट्टी शून्यावरच थांबते.