गुलमर्गला स्कीइंगला जाताय? आधी सिम बघा!

मी धावड्याचा. अजिंठ्याचे डोंगर जवळच आहेत, पण त्यावर बर्फ कुठून येणार? म्हणून मित्रासोबत श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटरवरचं गुलमर्ग ठरवलं. श्रीनगरला उतरलो आणि माझ्या मोबाइलची रेंज गायब! कारण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. मित्राचं पोस्टपेड होतं. त्याच्या हॉटस्पॉटवर माझं व्हॉट्सअ‍ॅप सुरू झालं, पण ओटीपीचा एसएमएस हॉटस्पॉटवर येत नाही ना! खात्यात पैसे असून स्कीच्या भाड्यासाठी मित्रापुढे हात पसरला.

निघण्याच्या आठवडाभर आधीच सिम पोस्टपेड करून घ्या, नंबर तोच राहतो. गोंडोलाचं तिकीट घरूनच ऑनलाइन काढा, नकाशा ऑफलाइन ठेवा. आणि बर्फात फोन आतल्या खिशात. थंडीत बॅटरी भराभर उतरते.