झाकण उघडण्याआधी काळी पट्टी

जपानमध्ये 1998 साली ग्राहकाने स्वतःच पेट्रोल भरायच्या पंपांना परवानगी मिळाली. अशा पंपांवर यंत्राला एक छोटी काळी पट्टी बसवलेली असते. टाकीचे झाकण उघडण्याआधी तिला उघड्या हाताने स्पर्श करायचा असतो. वरवर पाहता हा नुसता सोपस्कार वाटेल. पण वस्तूवर विद्युतभार येण्याला जपानी भौतिकशास्त्रात ‘ताइदेन’ म्हणतात आणि त्यातला धोका नेमका कुठे आहे, हे ही पट्टी अचूक दाखवते. भार येण्यात फारसे काही बिघडत नाही. त्याला सावकाश निघून जायला वाट मिळाली नाही की बिघडते.

घासल्याने वीज नव्याने तयार होते, हा समज चुकीचा आहे. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले की काही इलेक्ट्रॉन एकावरून दुसऱ्यावर जातात आणि ते दूर होताच एकावर ऋण, तर दुसऱ्यावर तेवढाच धन भार उरतो. घासल्याने स्पर्श वाढतो, इतकेच. गाडीच्या सीटवरून उतरताना हे बारा महिने घडते. मग झटके हिवाळ्यातच का बसतात? सैबेरियाकडून येणारे वारे जपानच्या पश्चिम बाजूला बर्फ पाडतात आणि डोंगर ओलांडून टोकियोकडे कोरडे होऊन येतात. दमट हवेत कपड्यांवर आणि त्वचेवर ओलाव्याचा सूक्ष्म थर असतो, त्यावरून भार निघून जातो. कोरड्या हवेत तो अंगावरच राहतो.

यावर कोणी म्हणेल, अशा झटक्याने कोण दगावले आहे? खरेच आहे. अंगावर दहा हजार व्होल्ट असले तरी साठलेली ऊर्जा साधारण पाच मिलिजूल भरते. मात्र हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिजूलही पुरते. दुसरा आक्षेप असा, की पेट्रोलच्या नळीला अर्थिंग असतेच, तिला हात लागताच भार जाईल. जाईल, पण ठिणगी पाडून जाईल आणि तोवर झाकण उघडून वाफ बाहेर आलेली असेल. काळी पट्टी मुद्दाम कमी वाहक ठेवलेली असते, त्यामुळे तिच्यातून भार ठिणगीशिवाय झिरपतो. पेट्रोल भरता भरता पुन्हा गाडीत बसून उतरले, तर अंगावर नवा भार येतो. म्हणून आधी केलेला स्पर्श तेव्हा कामाचा नाही. हातमोजा काढून पट्टीला पुन्हा हात लावलाच पाहिजे.