आयपीव्ही६ : व्यापाऱ्यांचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अकोल्याची डाळ मिल असो की अमरावतीचे ठोक कापड दुकान. बिलिंग, जीएसटी, बँक, सीसीटीव्ही सगळे इंटरनेटवर आले. त्यासाठी लागणाऱ्या पत्त्यांची जुनी पद्धत म्हणजे आयपीव्ही४. तिच्यात पत्ते सुमारे ४२९ कोटीच. जागतिक साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. नव्या आयपीव्ही६ मध्ये टंचाई नाही, पण गैरसमज मात्र पुष्कळ आहेत.

गैरसमज : हे मुंबई-पुण्याचे काम, आपल्याकडे अजून वेळ आहे.
वस्तुस्थिती : तुमच्या मोबाइलवर ते बहुधा आधीच सुरू आहे. ३१ डिसेंबर २०२२ नंतरची नवी ब्रॉडबँड जोडणीही आयपीव्ही६साठी सक्षम असावी, अशी दूरसंचार विभागाची सूचना आहे.

गैरसमज : जुने चालते आहे, मग खटाटोप कशाला?
वस्तुस्थिती : पत्ते अपुरे, म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात. मग गोदामाचा कॅमेरा घरून थेट उघडत नाही आणि स्टॅटिक आयपीसाठी, म्हणजे कायमच्या स्वतंत्र पत्त्यासाठी, जादा पैसे मोजावे लागतात.

गैरसमज : एका रात्रीत जुने बंद करून नवे सुरू करावे लागते.
वस्तुस्थिती : दोन्ही पद्धती एकमेकींशी थेट बोलत नाहीत, म्हणून त्या शेजारी-शेजारी चालवतात. यालाच ड्युअल स्टॅक म्हणतात. धंदा एक दिवसही थांबत नाही.

गैरसमज : सगळे संगणक बदलावे लागतील.
वस्तुस्थिती : विंडोजमध्ये व्हिस्टापासून आयपीव्ही६ मुळातच चालू असते. तपासायचे ते राउटर, डीव्हीआर आणि जुने सॉफ्टवेअर. जुना पत्ता १५ अक्षरांत मावतो, नव्याला ३९पर्यंत लागतात. डेटाबेसचा रकाना लहान असेल तर नोंद तिथेच अडते.

गैरसमज : प्रत्येक संगणकाला सार्वजनिक पत्ता मिळाला की हॅकरला रान मोकळे.
वस्तुस्थिती : बाहेरच्याला अडवतो तो फायरवॉल. नियम फक्त आयपीव्ही४चे लिहिले असतील, तर दुसरी वाट खरोखरच उघडी राहते. दोन्हींचे नियम लिहून घ्या.

आजच विंडोज संगणकावर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन पाहा. ‘एफई८०’ने सुरू होणारा पत्ता फक्त ऑफिसच्या आतला, २ने सुरू होणारा लांब पत्ता दिसला तर तुमच्या जोडणीवर आयपीव्ही६ आले आहे. नसेल तर इंटरनेटवाल्याकडे मागणी करा, आणि पुढचा राउटर त्यावर आयपीव्ही६ चालते याची खात्री करूनच घ्या.