दीपदान आणि चैत्यवंदना : वेरूळच्या निमित्ताने

दीपावलीच्या सुटीत दौलताबादचा घाट चढून, खुलताबादमार्गे वेरूळला जाणारी बौद्ध कुटुंबे आम्हांला नेहमी भेटतात. दौलताबादपासून सुमारे पंधरा किलोमीटरवरील दहाव्या लेण्यात, म्हणजे विश्वकर्मा चैत्यगृहात, ती वंदनेसाठी थांबतात. तेथेच मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो : आपण बौद्ध, मग या दिवसांत आपण दिवे लावावेत की लावू नयेत? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली आणि लक्षावधी घरांनी जुने सणवार सोडले. त्या घरांपुढील हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

त्यावर अलीकडे एक उत्तर दिले जाते. सम्राट अशोकाने ८४,००० विहारांचा उत्सव कार्तिक अमावास्येस केला, म्हणून दिवाळी हा मूळचा बौद्धांचा दीपदानोत्सव होय, असे ते उत्तर आहे. पाली साहित्याच्या आधारे ते तपासून पाहू.

विहारांच्या उत्सवाची कथा ‘महावंसा’च्या पाचव्या परिच्छेदात येते. धम्मस्कंध ८४,००० आहेत हे ऐकून राजाने तितकेच विहार बांधविले. ते पूर्ण झाल्याची पत्रे सर्व नगरांतून एकाच दिवशी आली, तेव्हा त्या दिवसापासून सातव्या दिवशी सर्वत्र उत्सव करावा, अशी दवंडी त्याने पिटविली. विहार दीपमाळांनी व पुष्पमाळांनी सजवावेत, संघाला दान द्यावे, उपोसथ पाळून धम्मश्रवण करावे, असे तिचे स्वरूप होते. दीपमाळा आहेत, हे खरे. परंतु तेथे महिना नाही, तिथी नाही आणि अमावास्याही नाही. शिवाय ‘महावंस’ हा अशोकानंतर सुमारे सात-आठ शतकांनी सिंहलद्वीपात रचलेला ग्रंथ आहे आणि अशोकाच्या स्वतःच्या शिलालेखांत ८४,००० विहारांचा उल्लेख नाही. केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नये, अशी शिकवण भगवंतांनी कालामांना दिली. ती इतरांच्या परंपरेला लागू आणि आपल्या परंपरेला नाही, असे म्हणता येणार नाही.

मग बौद्धांना दीपोत्सवच नाही काय? निश्चित आहे, मात्र तो पौर्णिमेचा आहे. आश्विन पौर्णिमेस वर्षावास संपतो आणि भिक्खुसंघ पवारणा करतो. आपल्या आचरणात काही दोष पाहिला, ऐकला वा शंकिला असेल तर तो सांगावा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. तावतिंस देवलोकी अभिधम्माची देशना करून तथागत संकिस्स येथे उतरले तो दिवसही हाच, अशी थेरवादी परंपरा आहे. ब्रह्मदेशात या पौर्णिमेस थडिंजुट नावाचा दीपोत्सव होतो आणि घरोघरी व चैत्यांवर दिवे लागतात. आपल्या पंचांगाप्रमाणे दिवाळीची अमावास्या आश्विनाचीच. उत्तरेतील पूर्णिमांत पंचांगात तिला कार्तिक अमावास्या म्हणतात. या दोन दीपोत्सवांत केवळ एका पक्षाचे अंतर आहे, पण एक दुसरा नव्हे.

यावरून आमचे मत असे की, दिवाळीच्या सुटीत चैत्यवंदनेस जाण्यात काहीच गैर नाही; मात्र त्यासाठी अमावास्येचा इतिहास रचण्याची गरज नाही. दीप, धूप व पुष्प यांनी पूजा करणे हे उपासकांचे जुने आचरण आहे आणि त्याला तिथीचे बंधन नाही.

दीपदान कोठे करावे, याचाही विवेक हवा. वेरूळची लेणी पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत आणि १९८३ पासून त्यांची गणना जागतिक वारशात होते. तेल व काजळी दगडाला आणि उरल्यासुरल्या रंगाला मारक ठरतात. म्हणून दिवा गावच्या विहारात लावावा आणि लेण्यात फक्त वंदना करावी. मंगळवारी लेणी बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे. या चैत्यगृहाला प्रकाशाची वाण नाही. ते पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर दर्शनी भागातील वरच्या गवाक्षातून उजेड आत येतो. स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेले तथागत आणि छताच्या, लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या, दगडी फासळ्या त्यात न्याहाळता येतात.

शेवटी शब्दाविषयी. अखेरच्या वर्षावासात, वैशालीजवळील बेलुव गावी, भगवंतांनी आनंदांना ‘अत्तदीप’ होऊन राहण्यास सांगितले. पालीत ‘दीप’ या शब्दात संस्कृतमधील दीप व द्वीप हे दोन्ही शब्द एकरूप झाले आहेत. अट्ठकथेने येथे बेट हा अर्थ घेतला आहे : महापुरात पाय टेकण्याची जागा. आपल्याकडे मात्र दिवा हाच अर्थ रूढ झाला. कोणताही अर्थ घेतला तरी आधार बाहेर शोधायचा नाही, हा उपदेश कायम राहतो. तेव्हा मुलांनी पुन्हा विचारले तर त्यांना सांगावे : दिवा अवश्य लावा, मात्र तो का लावतो याचे कारण जे खरे असेल तेच सांगा.