घामाचा हिशेब : 'हॉट योगा'विषयीचे गैरसमज

घाम गाळला की चरबी वितळते, अंगातले विष बाहेर पडते, असे बोलणे हल्ली आपल्या वस्त्यांतही ऐकू येते. मोठ्या शहरांत बंद खोली हीटरने तापवून तीत आसने करवून घेण्याचे वर्ग चालतात. त्यालाच 'हॉट योगा' म्हणतात. त्याची फी कामगाराच्या खिशाला परवडणारी नाही. पण मोबाईलवरच्या चित्रफितींतून त्याची नक्कल मात्र फुकटात घरात आली आहे. लग्न ठरलेली मुलगी पोटाला प्लास्टिक गुंडाळून, पत्र्याच्या खोलीची दारे-खिडक्या लावून व्यायाम करते. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा रबरी जाकीट घालून एप्रिलच्या उन्हात धावतो. आई-वडिलांना वाटते, पोर मेहनत करते आहे. मेहनत खरीच आहे. पण तिच्यामागची समजूत खोटी आहे आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून या गैरसमजांचा एकेक करून हिशेब मांडावा, असे आम्हांस वाटले.

गैरसमज पहिला : ही आपली प्राचीन विद्या आहे

तापवलेल्या खोलीतल्या योगाचा इतिहास फार तर पन्नास-पंचावन्न वर्षांचा. कलकत्त्याचे बिक्रम चौधरी यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत त्याचा प्रसार केला. २६ क्रियांचा ठरलेला क्रम, खोलीचे तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअस आणि वेळ ९० मिनिटे, असा त्यांचा पाठ होता. या क्रमावर त्यांनी मालकी हक्कही सांगितला. परंतु व्यायामाच्या क्रमाला असा हक्क लागू होत नाही, असा निकाल अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१५ साली दिला.

आपल्याकडचे जुने ग्रंथ काय म्हणतात? हठयोगावरील 'घेरण्ड संहिता' हा ग्रंथ तर योगाभ्यासाची सुरुवात उन्हाळ्यात करू नये, वसंतात किंवा शरदात करावी, असे सांगतो. अर्थात ग्रंथात लिहिले म्हणून ते खरे, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या महाराष्ट्रातच स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. तेव्हा योगाला प्रश्न विचारणे ही इथली शंभर वर्षांची रीत आहे. तीच रीत आपण 'हॉट योगा'ला लावू.

गैरसमज दुसरा : घामातून शरीरातील विष निघते

घाम म्हणजे जवळजवळ ९९ टक्के पाणी. उरलेल्यात मुख्यतः मीठ. रक्तातील टाकाऊ पदार्थ दूर करण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घामाचे काम वेगळे आहे, ते म्हणजे अंग थंड ठेवणे.

उन्हाळ्यात घरातला माठ पाहावा. पाणी पाझरते, वाऱ्याने वाळते आणि माठ गार होतो. पावसाळ्यात हवा दमट असते, पाणी वाळत नाही, म्हणून माठ तेवढा गार होत नाही. आपल्या अंगाचेही तसेच आहे. घाम वाळला तरच शरीर थंड होते. बंद, दमट खोलीत तो वाळत नाही, नुसता टपकतो. पोटाला प्लास्टिक गुंडाळणे म्हणजे माठाला प्लास्टिक गुंडाळण्यासारखेच. पाणी जाते, पण गारवा मिळत नाही.

गैरसमज तिसरा : वजन लवकर उतरते

हा गैरसमज सर्वांत मोठा. एक लिटर घाम गेला की काटा एक किलो कमी दाखवणारच. पण ते पाणी आहे. दोन तांबे पाणी प्यायले की ते वजन परत जमा होते.

खरा खर्च किती, तेही पाहू. अमेरिकेतील कोलोराडो राज्य विद्यापीठात या विषयावर मोजमाप झाले. ९० मिनिटांच्या तापलेल्या वर्गात पुरुषांच्या सरासरी सुमारे ४६० आणि स्त्रियांच्या सुमारे ३३० कॅलरी खर्च झाल्या. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे दीड तासाच्या तडफडीनंतर चरबीचा खर्च पुरुषाचा ६० ग्रॅम, स्त्रीचा ४३ ग्रॅम. एवढाच खर्च भरभर चालूनही होतो, आणि त्याला फी लागत नाही.

रबरी जाकीट घालून धावणाऱ्या मुलांना आम्ही आणखी एक गोष्ट सांगू इच्छितो. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवण्यासाठी रबरी कपडे घालून गरम खोलीत व्यायाम करीत होते. त्यांतले तिघे काही आठवड्यांच्या अंतराने मृत्यू पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने कुस्तीगीरांच्या रबरी कपड्यांवर आणि तापवलेल्या खोल्यांवर बंदी घातली. आपल्याकडेही जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत धावण्याच्या चाचणीने काही उमेदवारांचे प्राण गेले. ही गरिबाघरची, नोकरीच्या आशेने आलेली मुले होती.

गैरसमज चौथा : अंग जास्त वाकते, म्हणजे फायदा जास्त

उष्णतेने स्नायू सैल पडतात हे खरे. त्यामुळे एरवी न वाकणारे अंगही वाकते. पण याच वेळी आपली मर्यादा ओलांडली गेल्याचे कळत नाही. सांध्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध एकदा ताणले गेले की सहजासहजी पूर्ववत होत नाहीत. दिवसभर उभे राहून यंत्र चालवणाऱ्याचा गुडघा किंवा ओझे उचलणाऱ्याची कंबर अशी दुखावली, तर त्याचा रोजगारच बुडतो.

गैरसमज पाचवा : चक्कर येणे हे चांगले लक्षण आहे

'शरीर शुद्ध होत आहे, म्हणून गरगरते' असे सांगितले जाते. हे धोकादायक आहे. गरगरणे, मळमळणे, डोके ठणकणे, पायात गोळे येणे ही उष्णता सोसत नसल्याची लक्षणे होत. बिक्रम पद्धतीचा वर्ग करणाऱ्या २० जणांच्या शरीराच्या आतील तापमानाची अमेरिकेत २०१५ साली नोंद घेतली गेली. वर्ग संपताना ते पुरुषांत सरासरी १०३ आणि स्त्रियांत १०२ अंश फॅरनहाइट होते. घरात मुलाला १०३ ताप चढला तर आपण मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवतो, दवाखाना गाठतो. तोच ताप पैसे देऊन अंगात आणण्यात कसले आरोग्य?

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या पुरस्कार सोहळ्यात उन्हात तासन्‌तास बसलेल्या लोकांपैकी १४ जण दगावले. ते तर व्यायामही करीत नव्हते.

गैरसमज सहावा : आपण कष्टकरी, आपल्याला उन्हाची सवय

सवय होते, हे शास्त्रही मान्य करते. एक-दोन आठवड्यांत शरीर उष्णतेला सरावते. पण सरावलेल्या माणसाला घाम जास्त येतो, म्हणून त्याला पाणीही जास्त लागते. शिवाय काही आठवड्यांच्या खंडाने ही सवय मोडते. सातपूर-अंबडच्या कारखान्यात भट्टीपुढे आठ तास उभे राहणारा, सेंट्रिंगचे काम करणारा, द्राक्षबागेत राबणारी भगिनी, यांच्या वाट्याला उष्णता आधीच भरपूर आहे. त्यांना वारा हवा, सावली हवी.

गरोदर स्त्रिया, रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, तसेच लघवी होण्याच्या गोळ्या घेणारे, यांनी तर अशा प्रकारापासून दूरच राहावे.

मग खरे काय?

योगासनांनी फायदा होत नाही, असे आमचे म्हणणे नाही. २०१८ साली टेक्सास राज्य विद्यापीठातील संशोधकांनी ४० ते ६० वर्षे वयाच्या, बैठी जीवनपद्धती असलेल्या निरोगी माणसांवर १२ आठवडे प्रयोग केला. एका गटाने बिक्रम पद्धतीचीच आसने तापलेल्या खोलीत केली, दुसऱ्याने तीच आसने साध्या खोलीत. रक्तवाहिन्यांचे काम दोन्ही गटांत सारखेच सुधारले. याचा अर्थ उघड आहे. गुण आसनांचा होता, हीटरचा नव्हता.

म्हणून आसने करायची तर पहाटे, खिडक्या उघड्या ठेवून, सतरंजी अंथरून करावीत. प्लास्टिक आणि रबरी जाकीट टाकून द्यावे. गोल्फ क्लब मैदानावर चालावे, त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढाव्यात. भरतीच्या मुलांनी सकाळी लवकर धावावे आणि सोबत कोणी तरी असावे. फार घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे प्यावे. चमचा चहाचा घ्यावा. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे पाणी घ्यावे.

कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, शुद्ध हरपली, तर ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

माता-भगिनींनो, बंधूंनो, आज संध्याकाळी घरातल्या तरुण मुला-मुलींना जवळ बसवून हा हिशेब समजावून सांगा. चित्रफितीत कोणी काही म्हटले, तर 'कशावरून?' असे विचारायला त्यांना शिकवा. अंगातले पाणी आटवून कोणी सडपातळ होत नाही की निरोगी होत नाही.